रणभूमीचे मुके साक्षीदार

बेल्जियमच्या पश्चिम टोंकाला ईप्र नांवाचें एक जुनें शहर आहे. त्याच्या भोंवतालच्या शेतांत नांगरणीच्या दिवसांत एक गोष्ट नेहमींची झाली आहे. नांगराच्या फाळाला कांहींतरी जड वस्तु अडते; माती बाजूला सारून पाहावें तों गंजानें फुगलेला एक तोफगोळा वर येतो. शेतकरी तो रस्त्याच्या कडेला खांबापाशीं ठेवतो, वर्दी देतो आणि पुन्हां कामाला लागतो. मागाहून बेल्जियन सैन्याची गाडी येते, गोळा उचलून नेते आणि सुरक्षित जागीं त्याचा नाश करते. १९१४ सालीं पेटलेलें महायुद्ध १९१८ सालीं थांबलें. त्यास शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. तरी ती जमीन दरसाल हें पीक देतच आहे. तेथील लोकांनीं त्याला ‘लोखंडी पीक’ असेंच नांव ठेविलें आहे.

असें पीक जगांतील पुष्कळ रणभूमींवर निघतें. कोठें शिशाची गोळी, कोठें पितळी बटण, कोठें घोड्याचा नाल, कोठें नाणें, तर कोठें मनुष्याचें हाड. सामान्य मनुष्याला ती मोड वाटते. हौशी संग्राहकाला ती दिवाणखान्यांतील शोभेची वस्तु वाटते. इतिहासकाराला मात्र ती साक्षीदार वाटते. लढाईचा कागदोपत्रीं इतिहास बहुधा जेत्यानें लिहिलेला असतो, नाहीं तर पराभूत सेनापतीनें स्वतःच्या बचावासाठीं लिहिलेला असतो. मातींत पडलेल्या वस्तूला कोणाचीच बाजू घ्यावयाची नसते. परंतु हा साक्षीदार मुका आहे. त्याला बोलतें करावयाचें तर निष्णात वकील कोर्टांत घेतो तशी त्याची उलटतपासणी घ्यावी लागते. ही उलटतपासणी घेण्याची विद्या गेल्या चाळीस वर्षांत विशेष वाढीस लागली आहे, आणि तिनें कित्येक प्रसिद्ध लढायांचा इतिहास पुन्हां लिहावयास लाविला आहे.

ह्या उलटतपासणींतील पहिला प्रश्न असा कीं, वस्तु मुळांत आहे काय? लोखंड गंजून फुगतें आणि आपला आकार हरवून बसतें. तांब्यापितळेवर हिरवा थर चढतो. शिशावर पांढुरका लेप बसतो, पण त्या लेपाखालीं मूळचा आकार पुष्कळदां शाबूत राहतो. म्हणून शिशाची गोळी ही रणभूमीवरील फार विश्वासू साक्षीदार समजली जाते. तिचें वजन केलें आणि व्यास मोजला म्हणजे ती कोणत्या जातीच्या बंदुकीची हें बरेंचसें ठरवितां येतें. अठराव्या शतकांत इंग्रज पायदळाच्या बंदुकीची नळी फ्रेंच बंदुकीच्या नळीपेक्षां रुंद असे, आणि त्यामुळें तिची गोळीही मोठी असे. गोळी चेपलेली असली तरी शिशाचें वजन फारसें घटत नाहीं. म्हणून जेथें मोजपट्टी हरते तेथें तराजू उपयोगी पडतो.

दुसरा प्रश्न वस्तूच्या स्थितीचा. सांच्यांत ओतल्याची कड गोळीवर जशीच्या तशी असली, तर ती झाडलेली नसून सैनिकाच्या घाईंत हातून निसटलेली असते. ती चपटी झाली असली, तर ती कशावर तरी आदळलेली असते. निसटलेल्या गोळ्या सैनिक जेथें उभे होते ती जागा दाखवितात, आणि आदळलेल्या गोळ्या त्यांचे शत्रु जेथें होते ती जागा दाखवितात. अर्थात् तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा कीं, वस्तु नेमकी कोठें पडली होती? जागेची नोंद न करतां उचललेली गोळी ही केवळ शिशाचा एक तुकडा होय. तिची साक्ष तेथेंच संपली. संग्राहकांच्या खिशांतून अशा किती साक्षी नाहींशा झाल्या असतील त्याला गणतीच नाहीं. ह्या तीन प्रश्नांच्या जोरावर काय साधतें, आणि कोठें अडतें, हें तीन रणभूमींच्या हकीकतींवरून चांगलें ध्यानांत येण्यासारखें आहे.

पहिली हकीकत उत्तर जर्मनींतील काल्क्रीझ ह्या ठिकाणची. इ. स. ९ मध्यें वारुस नांवाचा रोमन सेनापति लीजन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तीन मोठ्या पलटणी घेऊन जर्मन मुलुखांतून चालला असतां, चेरुस्की जमातीचा नायक आर्मिनियस ह्यानें त्याला दगा देऊन गांठलें. आर्मिनियस स्वतः रोमन सैन्यांत नोकरी केलेला असून रोमनांची रीतभात पुरती जाणणारा होता. सतरावी, अठरावी आणि एकोणिसावी अशा तीनही पलटणी त्या अरण्यांत नाहींशा झाल्या. ह्या आपत्तीचा रोमनांनीं इतका धसका घेतला कीं, ते तीन आंकडे त्यांनीं पुन्हां कोणत्याही पलटणीस दिले नाहींत. एवढी मोठी लढाई. पण ती झाली कोठें, हें मात्र शेंकडों वर्षें कोणास सांगतां येईना. अनेक गांवें तो मान आपणाकडे ओढीत होतीं.

१८८५ सालीं थिओडोर मोमसेन ह्या विख्यात इतिहासकारानें काल्क्रीझच्या परिसरांत मिळालेल्या रोमन नाण्यांवरून ती जागा हीच असावी, असें प्रतिपादन केलें. परंतु नाणीं काय, तीं व्यापाऱ्याच्या थैलींतूनही पडूं शकतात. ह्या आक्षेपास उत्तर नव्हतें, म्हणून मोमसेनचें म्हणणें मागें पडलें. पुढें १९८७ सालीं टोनी क्लन नांवाचा एक ब्रिटिश लष्करी अधिकारी जवळच्या ऑस्नाब्रुक शहरीं नेमणुकीवर होता. त्यानें तेथील पुराणवस्तु-संशोधकांच्या संमतीनें धातुशोधक यंत्र घेऊन शेतें धुंडाळलीं, तेव्हां रोमन चांदीचीं नाणीं हातीं लागलीं. तरीही व्यापाऱ्याचा आक्षेप उभाच होता. १९८८ सालीं मात्र त्याला शिशाचे तीन लहानसे गोळे सांपडले. ते गोफणगुंडे होते. व्यापारी मनुष्य चांदी बाळगील, पण शिशाचे गोफणगुंडे कशाला बाळगील? चांदीच्या नाण्यांना जें सिद्ध करतां आलें नाहीं, तें तीन शिशाच्या गोळ्यांनीं सिद्ध केलें. येथें व्यापारी नव्हे, सैन्य आलें होतें.

त्यानंतर रीतसर उत्खनन सुरू झालें. शस्त्रांचे तुकडे, चिलखतांच्या कड्या, लोखंडी मुखवटा अशा पुष्कळ वस्तु बाहेर आल्या. तांब्याच्या कांहीं नाण्यांवर वारुसाच्या नांवाचीं आद्याक्षरें ठोकलेलीं आढळलीं. अर्थात् तीं नाणीं त्याच्या अंमलापूर्वीं सैनिकांच्या हातीं गेलीं असणें शक्य नव्हतें. कांहीं खड्ड्यांत माणसांचीं आणि खेंचरांचीं हाडें एकत्र पुरलेलीं मिळालीं. तीं तपासतां असें दिसलें कीं, पुरण्यापूर्वीं तीं कांहीं वर्षें उघड्यावर पडून होतीं. लढाईनंतर सहा वर्षांनीं, इ. स. १५ मध्यें, जर्मानिकुस नांवाच्या रोमन सेनापतीनें त्या जागीं जाऊन हाडें पुरविल्याचें टॅसिटसनें लिहून ठेविलें आहे. त्या वृत्तांताशीं हाडांची साक्ष चांगली जुळली.

इतकें होऊनही वाद मिटला नाहीं. कांहीं विद्वानांनीं शंका काढली कीं, जर्मानिकुसाच्याच सैन्याचीही ह्या मुलुखांत जर्मनांशीं झुंज झाली होती. त्या सैनिकांच्या कमरेलाही तींच जुनीं नाणीं असणार. मग हे अवशेष त्यांचे कशावरून नव्हेत? शंका वाजवी होती. तिला उत्तर देण्यासाठीं संशोधक धातूच्या पोटांत शिरले. प्रत्येक पलटणीचे लोहार आणि तांबट आपल्याजवळच्या धातूनें हत्यारांची व सामानाची डागडुजी करीत असत. त्यामुळें एकेका पलटणीच्या पितळी-कांशाच्या सामानांत सूक्ष्म अन्य धातूंचें एक विशिष्ट मिश्रण जमत जातें. ऱ्हाइन नदीच्या वरच्या भागांतील डांगस्टेटन येथें एकोणिसाव्या पलटणीची छावणी होती हें अगोदरच ठाऊक होतें. तेथील आणि काल्क्रीझच्या वस्तूंचें मिश्रण परस्परांशीं जुळतें, असें जर्मन संशोधकांनीं २०२२ सालीं जाहीर केलें. एकोणिसावी पलटण तर वारुसाबरोबरच नाहींशी झाली होती. मोमसेनच्या तर्कापासून ह्या निष्कर्षापर्यंत पोंचावयास १३७ वर्षें लागलीं, आणि प्रत्येक टप्प्यावर प्रामाणिक शंकेनेंच संशोधनाला पुढें ढकललें.

दुसरी हकीकत अमेरिकेंतील. २५ जून १८७६ रोजीं माँटाना प्रांतांत लिटल बिगहॉर्न नदीच्या कांठीं लेफ्टनंट कर्नल कस्टर हा आपल्या घोडदळाच्या पांच तुकड्यांसह लाकोटा आणि शायेन योद्ध्यांवर चालून गेला. त्याच्याबरोबरचे सुमारें २१० लोक होते, त्यांतला एकही जिवंत परतला नाहीं. साक्ष देण्यास त्या बाजूचा कोणी उरलाच नाहीं; म्हणून चित्रकारांनीं आणि कथाकारांनीं आपल्या मनाप्रमाणें लढाई रचिली. टेंकडीच्या माथ्यावर निशाणाभोंवतीं वर्तुळ करून शेवटच्या गोळीपर्यंत लढणारे वीर, असें तें चित्र घरोघर पोंचलें. लाकोटा आणि शायेन लोक लढाईंत होते. त्यांनीं निराळीच हकीकत सांगितली होती. सैनिकांची फळी मोडली, कांहीं घाबरून पळत सुटले, असें त्यांचें म्हणणें होतें. परंतु तें म्हणणें पराजित जमातींचें पडलें, म्हणून तें फारसें कोणीं मानलें नाहीं.

१९८३ सालीं त्या माळावरील गवताला वणवा लागला आणि जमीन उघडी पडली. त्या संधीचा फायदा घेऊन रिचर्ड फॉक्स ह्यांनीं पाहणी केली, आणि १९८४ व १९८५ सालीं डग्लस स्कॉट ह्यांच्यासह त्यांनीं तेथें शास्त्रशुद्ध शोध हातीं घेतला. धातुशोधक यंत्रें घेतलेले स्वयंसेवक ओळीनें चालत. यंत्रानें आवाज दिला कीं तेथें लहानसें निशाण रोवलें जाई. मग वस्तु काळजीपूर्वक उघडी करून तिची जागा, खोली आणि तोंड कोणत्या दिशेला आहे हें सर्व नकाशावर टिपलें जाई. अशा हजारों वस्तूंची नोंद झाली. त्यांत रिकाम्या काडतुसांचा भरणा मोठा होता.

ह्या काडतुसांची तपासणी गुन्ह्याच्या तपासाप्रमाणें करण्यांत आली. बंदुकीचा चाप ओढला म्हणजे आंतील पोलादी टोंचा काडतुसाच्या बुडावर आदळतो आणि आपला ठसा उमटवितो. मनुष्याच्या आंगठ्याच्या ठशाप्रमाणें प्रत्येक बंदुकीचा हा ठसा थोडा निराळा असतो. सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं दोन काडतुसें शेजारीं ठेवून पाहिलीं कीं, तीं एकाच बंदुकींतून उडालीं किंवा नाहीं हें ठरवितां येतें. ह्या रीतीनें एकच बंदूक प्रथम एका टेंकडीवर, नंतर पुढच्या टेकाडावर आणि शेवटीं तिसऱ्या जागीं कशी गेली, हें नकाशावर रेघ ओढून दाखवितां आलें. ती बंदूक हातांत धरणारा मनुष्य कोण होता तें कोणास ठाऊक नाहीं; पण त्या दुपारीं त्याचे पाय कोणत्या वाटेनें गेले तें शंभरांहून अधिक वर्षांनीं कळूं लागलें.

निष्कर्ष महत्त्वाचे निघाले. घोडदळाजवळ १८७३ च्या नमुन्याच्या एकबारी स्प्रिंगफील्ड बंदुका होत्या. योद्ध्यांजवळ चाळीसांहून अधिक प्रकारचीं हत्यारें होतीं, आणि त्यांत हेन्री व विंचेस्टर ह्या लागोपाठ बार काढणाऱ्या बंदुकाही होत्या. पराभवाचें खापर कोणी कोणी काडतूस बंदुकींत अडकून बसण्याच्या दोषावर फोडीत असत. परंतु अडकलेलें काडतूस सुरीनें उचकटल्याच्या खुणा फारच थोड्या काडतुसांवर आढळल्या. सैनिकांचीं काडतुसें एका रांगेंत व ठराविक अंतरानें पडलेलीं अशीं मोजक्याच जागीं मिळालीं. पुढें ती शिस्त तुटत गेलेली दिसते. ह्यावरून फॉक्स ह्यांनीं असें अनुमान केलें कीं, तुकड्यांची फळी एकामागून एक कोसळली, आणि चित्रांत दाखवितात तसा शेवटचा निश्चयी प्रतिकार झालाच नाहीं. ह्या अनुमानाशीं सर्वच अभ्यासक सहमत नाहींत. तथापि लाकोटा आणि शायेन लोकांची हकीकत मातींतील पुराव्याशीं पुष्कळ अंशीं जुळते, हें आतां मान्य झालें आहे. जी साक्ष शंभर वर्षें ऐकूनही न ऐकल्यासारखी केली गेली, तिला पितळेच्या तुकड्यांनीं दुजोरा दिला.

त्याच रणभूमीवर सैनिक जेथें पडले तेथें १८९० सालीं संगमरवरी खुणा बसविलेल्या आहेत. मेलेले सुमारें २१०, आणि खुणा मात्र २५२! हा जास्तीचा आंकडा कोठून आला? कित्येक ठिकाणीं दोन खुणा जोडीनें उभ्या होत्या. तेथें खणून पाहतां बहुधा एकाच मनुष्याचीं हाडें मिळालीं. खुणा बसविणारांनीं एका उथळ थडग्याचीं दोन थडगीं समजून चूक केली होती. एका खुणेजवळ कवटीचा एक तुकडा व दांत मिळाले. सतत चिलीम तोंडांत धरल्यानें दांतांना पडलेली झीज आणि चेहऱ्याच्या हाडांची ठेवण जुन्या छायाचित्राशीं ताडून पाहतां तो मिच बोयर असल्याचें ठरलें. फ्रेंच बाप आणि सू जमातीची आई असलेला हा वाटाड्या कस्टरबरोबर होता. दगडाची खूण चुकूं शकते. हाडाची खूण सहसा चुकत नाहीं.

तिसरी हकीकत मनाला चटका लावणारी आहे. १९ जुलै १९१६ च्या संध्याकाळीं फ्रान्सच्या उत्तर भागांतील फ्रोमेल गांवापाशीं ऑस्ट्रेलियन आणि ब्रिटिश फौजांनीं जर्मन खंदकांवर हल्ला चढविला. तो साफ फसला. एका रात्रींत ऑस्ट्रेलियाचे ५,५३३ लोक मृत, जखमी किंवा कैद झाले. खंदकांपलीकडे पडलेल्या पुष्कळ प्रेतांचा पत्ता लागला नाहीं. मेलबर्न येथील लँबिस एंग्लेझोस नांवाचे एक निवृत्त शिक्षक युद्धाच्या नोंदी आणि थडगीं ह्यांचा हिशेब जुळवीत बसले होते. बेपत्ता सैनिकांचा आंकडा आणि थडग्यांचा आंकडा ह्यांचा मेळ बसेना. जर्मनांनीं मृतांसाठीं मोठे खड्डे खणविल्याची नोंद होती, आणि लढाईच्या वेळीं विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांत फेझंट वुड नांवाच्या रानाच्या कडेला खड्डे दिसत होते. एंग्लेझोस म्हणत, माणसें तेथेंच आहेत. प्रथम अधिकाऱ्यांना तें पटेना.

२००७ सालीं ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनीं त्या शेताची वरवर पाहणी केली. त्यांच्या यंत्राला दोन लहान पदकें लागलीं. त्यांपैकीं एक ऑस्ट्रेलियांतील आल्बर्टन परगण्यानें आपल्या गांवच्या लढाईला जाणाऱ्या तरुणांस निरोपादाखल दिलेलें होतें. जर्मन आघाडीच्या मागें, फ्रेंच शेतकऱ्याच्या शेतांत, हजारों कोस दूरच्या परगण्याचें पदक काय म्हणून पडावें? तें कोणाच्या तरी अंगावर असल्याशिवाय येथवर येणें शक्य नव्हतें. २००८ सालीं खणून पाहिलें तेव्हां शिक्षकांचा हिशेब खरा ठरला, आणि २००९ सालीं २५० सैनिकांचे देह बाहेर काढण्यांत आले.

आतां खरा प्रश्न उभा राहिला. ह्यांतला कोण कोणता? त्या काळीं ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांच्या गळ्यांत ओळखीचा एकच बिल्ला असे. पुरतांना तो मृत्यूच्या नोंदीसाठीं काढून घेतला, कीं देह निनांवी झालाच. ही चूक उमगल्यावर १९१६ च्या सप्टेंबरांत दोन बिल्ल्यांची पद्धत सुरू झाली: तांबडा वाटोळा काढून घ्यावयाचा आणि हिरवा अष्टकोनी देहाबरोबर ठेवावयाचा. फ्रोमेलच्या सैनिकांना ही सुधारणा दोन महिन्यांनीं उशिराची ठरली. शिवाय दाबलेल्या तंतूंचे ते नवे बिल्लेही चिखलांत कुजून जात. म्हणून अशा शोधांत बिल्ल्यापेक्षां क्षुल्लक वस्तूच अधिक उपयोगी पडतात. खांद्यावरील पितळी अक्षरें, बटणें, बुटाची शिलाई, किंवा चोरीला जाऊं नये म्हणून ज्यावर सैनिकानें स्वतःचा नंबर कोरला आहे असा चमचा. फ्रोमेल येथें मिळालेल्या वस्तूंत रेलवेचें एक तिकीट होतें: फ्रीमँटलहून पर्थला जाण्यायेण्याच्या तिकिटाचा परतीचा अर्धा भाग. तो ज्यानें जपून ठेविला होता त्याला परत जावयाचें होतें, एवढें त्या कागदावरून कळतें.

पण वस्तूवर सर्वस्वीं विसंबून चालत नाहीं. सैनिक एकमेकांचीं पदकें, बटणें, टोप्या अदलाबदल करतात. मेलेल्याचा कोट जिवंत माणूस अंगावर घालतो. शत्रूची वस्तु आठवण म्हणून खिशांत ठेवतो. म्हणून अवशेषांच्या साक्षीला शरीराच्या साक्षीची जोड द्यावी लागली. हाडांवरून उंची व वय काढण्यांत आलें, लष्करी नोंदींतील दांतांचीं व जुन्या जखमांचीं वर्णनें ताडून पाहिलीं, आणि शेवटीं हाडांतील व दांतांतील आनुवंशिक द्रव्य आजच्या नातलगांच्या नमुन्यांशीं जुळविण्यांत आलें. बापाकडून मुलाकडे आणि आईकडून लेंकरांकडे चालत येणाऱ्या खुणा पिढ्या लोटल्या तरी पुसल्या जात नाहींत. ह्या रीतीनें २५० पैकीं १६० हून अधिक सैनिकांना त्यांचीं नांवें परत मिळालीं. त्यांच्यासाठीं तेथें नवी दफनभूमि बांधण्यांत आली, आणि १९ जुलै २०१० रोजीं, लढाईच्या चौऱ्याण्णवाव्या स्मृतिदिनीं, शेवटच्या सैनिकाला तेथें मूठमाती देण्यांत आली.

फ्रोमेलपासून थोड्याच अंतरावर नव्ह-शापेल हें गांव आहे. तेथें १९१५ च्या मार्च महिन्यांत हिंदी पलटणींनीं मोठी झुंज दिली. फ्रान्स आणि बेल्जियममध्यें पडलेल्या व ज्यांचें थडगें ठाऊक नाहीं अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांचें स्मारक तेथें १९२७ सालीं उभारण्यांत आलें. त्या टापूंतील रिशबूर गांवाजवळ खोदकाम चालू असतां कांहीं सैनिकांचे अवशेष वर आले. त्यांतील दोघांच्या गणवेशावर ‘३९’ हा आंकडा असलेली पितळी खूण होती. त्या एका आंकड्यावरून ते गढवाल रायफल्सचे शिपाई असल्याचें ठरलें. हिमालयाच्या पायथ्याकडून आलेल्या ह्या दोघांना नोव्हेंबर २०१७ मध्यें लावांती येथील लष्करी दफनभूमींत सन्मानानें पुरण्यांत आलें, आणि त्यासाठीं त्यांच्या रेजिमेंटचे प्रतिनिधि हिंदुस्थानांतून गेले होते. पलटण मिळाली, नांवें मात्र मिळालीं नाहींत.

नांवें न मिळण्याचें कारण दरवेळीं मातीच असतें असें नाहीं. हें महाराष्ट्रास विशेष जाणून घेण्यासारखें आहे. त्याच महायुद्धांत ‘पुणें डिव्हिजन’ म्हणून ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियांत लढली. तिच्यांत १०३, ११० आणि ११७ ह्या मराठा पलटणी होत्या. २२ नोव्हेंबर १९१५ रोजीं टेसिफॉनची रक्तपाती लढाई झाली. ७ डिसेंबरपासून कूत शहराला वेढा पडला. आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं उपाशी फौज शरण गेली. कैद झालेल्यांपैकीं पुष्कळजण तुर्की मुलुखांतील वाटांवर आणि छावण्यांत मृत्यु पावले. मेसोपोटेमियांत पडलेल्या, थडगें नसलेल्या ४०,००० हून अधिक लोकांचें स्मारक बसरा येथें १९२९ सालीं उभें राहिलें. त्यावर ब्रिटिश सैनिकांचीं नांवें आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीं नांवें आहेत. परंतु हिंदी शिपायांचे मात्र पलटणवार केवळ आंकडे कोरलेले आहेत. त्यांचे बिल्ले हरवले म्हणून नव्हे, तर त्यांचीं नांवें दगडावर घालण्याचें कोणीं ठरविलेंच नाहीं म्हणून. ही विषमता स्मारकें सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्ध-समाधि आयोगानें २०२१ सालीं उघडपणें कबूल केली, तीबद्दल क्षमा मागितली, आणि राहून गेलेलीं नांवें शोधण्याचें काम हातीं घेतलें.

ह्या नांवांचा एक धागा थेट आपल्याकडील गांवांपर्यंत येतो. कोंकणांत आणि देशावर कित्येक गांवांच्या चावडीवर, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतींत एक पांढरी पाटी बसविलेली आढळते. ह्या गांवाहून महायुद्धाला इतके लोक गेले, पैकीं इतके कामास आले, एवढाच तिच्यावरील मजकूर. नांव एकही नाहीं. गेलेला कोणाचा आजा होता, कोणाचा पणजा होता. घरांत कोठें एखादें पदक, कोठें पेन्शनचा कागद, कोठें परमुलुखांतून आलेलें पत्र, पेटीच्या तळाशीं पडून असतें. रणभूमीवरील गोळीला लागू असणारा नियम ह्या वस्तूंनाही लागू आहे. ज्या घरांतून त्या निघाल्या त्या घराची, त्या मनुष्याची आणि त्या गांवाची नोंद त्यांच्याबरोबर राहिली, तर त्या बोलतात. जुन्या बाजारांत तराजूवर गेल्या, तर मुक्या होतात. पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, नांव आणि पलटण बहुधा कोरलेली असते. बसऱ्याच्या दगडावर जें कोरलें गेलें नाहीं, तें कदाचित् सातारा जिल्ह्यांतील किंवा रत्नागिरी जिल्ह्यांतील एखाद्या पेटींत शंभर वर्षें कोरलेलेंच असेल.

काल्क्रीझच्या गोफणगुंड्यांनीं एका लढाईची जागा सांगितली, लिटल बिगहॉर्नच्या काडतुसांनीं एका लढाईची रीत सांगितली, आणि फ्रोमेलच्या खड्ड्यांनीं माणसें सांगितलीं. तीनही ठिकाणीं वस्तु अगदीं सामान्य होत्या, आणि तीनही ठिकाणीं त्या ओळखणारा मनुष्य धीमा, शंकेखोर आणि नोंद ठेवणारा होता. पाटीवरच्या आंकड्यामागील नांवें शोधावयास ह्याहून निराळ्या गुणांची गरज नाहीं. गांवची पाटी, घरांतलें पदक आणि पलटणीचें दफ्तर हीं तीन एकत्र ठेवून पाहणारा कोणी तरी त्या त्या गांवांतच निघावा लागेल.